पाण्याखालच्या गुहांचे सिनेमे आणि गावची खदान

साकोलीकडच्या एका शिक्षिकाताईंनी विचारलं आहे: आठवी-नववीची पोरं मोबाइलवर पाण्याखालच्या गुहांचे, खोल समुद्रातले, शार्कचे सिनेमे पाहतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तोच विषय. त्यातलं खरं किती? आपल्याकडे अशा गुहा असतात का? हीच पोरं उन्हाळ्यात गावाशेजारच्या जुन्या खदानीत उड्या मारायला जातात, त्यांना काय सांगावं? आणि यातला एखादा सिनेमा शाळेत दाखवण्यासारखा आहे का?

ताई, हे प्रश्न एकमेकांना लागूनच आहेत, म्हणून उत्तर सलग देतो. मी वैनगंगेकाठच्या ढिवर घरातला. नौदलात डायव्हर होतो, कोचीला शिकलो, आणि निवृत्तीनंतर भंडारा-गोंदिया पट्ट्यातल्या शोध-बचाव पथकांतल्या तरुणांना पाण्याखालचं काम शिकवतो. समुद्राचं निळं पाणी पाहिलं आहे आणि गोसीखुर्दच्या बुडीत क्षेत्रातलं, हात नाकाला लागला तरी दिसत नाही असं पाणीही. त्यावरून सिनेमा पारखायची माझी एक रीत झाली आहे. त्यात माणूस कशाने मरतो ते बघायचं. जबड्याने, राक्षसाने, स्फोटाने मरत असेल तर तो करमणुकीचा सिनेमा. बघावा आणि सोडून द्यावा. श्वास संपल्याने, वाट चुकल्याने, घाबरून घाई केल्याने मरत असेल, तर लिहिणारा कोणातरी खऱ्या डायव्हरजवळ बसून आलेला आहे.

शार्कचं आधी उरकतो. जगभरात वर्षाला शार्कमुळे मरणारी माणसं साधारण दहाच्या आतबाहेर असतात. पाण्यात बुडून मरणारी लाखांत आहेत. पोरांना एवढं सांगितलं तरी पुरे.

गुहा वेगळी ठरते ती डोक्यावरच्या छतामुळे. समुद्रात वीस मीटरवर काही बिघडलं तर वर जाता येतं. हवा संपत आली तरी श्वास सोडत सोडत वर कसं यायचं ते शिकवलेलं असतं. गुहेत वर जायची सोय नाही. ज्या वाटेने आत गेलात त्याच वाटेने, तेवढंच अंतर कापून परत यावं लागतं. म्हणून गुहेत जाणाऱ्याचा हवेचा हिशेब तीन हिश्श्यांचा असतो: एक हिस्सा जायला, एक यायला, आणि एक राखीव, कारण जोडीदाराची टाकी बिघडली तर त्यालाही तुमच्याच हवेवर बाहेर यायचं असतं. अमेरिकेत फ्लोरिडाला स्वच्छ पाण्याचे मोठे झरे आहेत आणि त्यांच्या पोटात चुनखडीच्या गुहा. १९६० आणि ७० च्या दशकांत तिथे डायव्हर मरण्याचं सत्रच चाललं होतं. शेक एक्सली नावाच्या गुहा-डायव्हरने त्या मृत्यूंचा अभ्यास करून १९७९ मध्ये कारणं मांडली. मुख्य कारणं तीनच निघाली: बाहेरपर्यंत सलग दोरी नव्हती, परतीपुरती हवा राखली नव्हती, झेपेल त्यापेक्षा खोल गेले होते. मेलेल्यांत कच्चे पोहणारेच होते असं नाही. समुद्रातले अनुभवी डायव्हर होते, इतरांना डायव्हिंग शिकवणारेही होते. एक्सली स्वतः १९९४ मध्ये मेक्सिकोच्या झाकातोन या अतिखोल डोहात गेला तो परत आला नाही. एवढा जाणकार माणूसही खोलीपुढे हरला.

सिनेमात सगळ्यांत जास्त लपवलं जातं ते गाळाचं संकट. गुहेच्या तळाशी आणि कडेला पिठासारखा बारीक गाळ बसलेला असतो. एक पाय चुकीचा हलला की तो उठतो, आणि काचेसारखं पाणी काही क्षणांत गढूळ भिंत होऊन जातं. वर सोडलेले बुडबुडे छतावर आपटले तरी तिथली माती झडते. हातातला दिवा मग काही कामाचा राहत नाही; उजेड गाळावर पडून तोंडावरच परततो. वर कुठे आणि खाली कुठे तेही कळत नाही. अशा वेळी वाचवते ती फक्त दोरी. तिला अंगठा आणि बोटाची कडी करून धरायचं आणि सरकत राहायचं. दोरीवर जागोजागी प्लास्टिकचे बाण लावलेले असतात, ते बाहेरची दिशा दाखवतात आणि अंधारात बोटांनी चाचपून ओळखता येतात. हे पडद्यावर दाखवायचं तर पडदा काळा ठेवावा लागेल, आणि काळा पडदा बघायला कोण येणार? म्हणून सिनेमातली गुहा नेहमी स्वच्छ, उजळ. डायव्हरच्या हेल्मेटच्या आत, थेट चेहऱ्यावर दिवा लावलेला असतो तोही नटाचा चेहरा दिसावा म्हणूनच. खरोखर तसा दिवा लावला तर डायव्हरला बाहेरचं काहीच दिसणार नाही.

पोरांनी ‘सँक्टम’ पाहिला असेलच, २०११ चा, जेम्स कॅमेरॉन ज्याचे एक निर्माते होते. वादळाच्या पाण्याने गुहेचं तोंड बंद होतं आणि आतली माणसं पाण्याखालून दुसरी वाट शोधत जातात. त्यात एक प्रसंग आहे: एका डायव्हरची हवेची नळी फुटते, जोडीदार आपला मास्क तिला देतो, ती घाबरून तो सोडत नाही, आणि तो जबरदस्तीने परत घेतो. घाबरलेल्या माणसाचं वागणं अगदी खरं दाखवलं आहे. बुडणारा माणूस वाचवणाऱ्यावर चढतो हे आमच्या नदीकाठी प्रत्येकाला माहीत आहे. पण एकाच मास्कवर दोघं, ही वेळ गुहेतल्या तयार डायव्हरवर सहसा येत नाही. त्याच्याजवळ श्वासाची दोन स्वतंत्र साधनं असतात, आणि त्यातल्या एकाची नळी सुमारे दोन मीटर लांब ठेवलेली असते, म्हणजे चिंचोळ्या जागेत एकामागे एक पोहत असतानाही जोडीदाराला हवा देता येते. या सिनेमाचं मूळ १९८८ च्या एका खऱ्या घटनेत आहे. ऑस्ट्रेलियाच्या नलारबोर पठारावर वादळाने गुहेचं तोंड ढासळलं आणि अँड्र्यू वाइट यांची मोहीम आत अडकली. ती सगळी माणसं जिवंत बाहेर आली. सिनेमात एकेक करून बहुतेक सगळे मरतात. मला ही तफावत खटकते, कारण खऱ्या घटनेत शिकण्यासारखं जे होतं ते वाचण्यात होतं.

आपल्याकडे अशा गुहा का ऐकू येत नाहीत, तर दगडामुळे. बुलढाणा, अकोला, अमरावती आणि यवतमाळचा बराचसा भाग काळ्या बेसॉल्टवर बसलेला आहे. तो पावसाच्या पाण्यात विरघळत नाही. चुनखडी विरघळते. मेक्सिकोच्या युकातान भागात चुनखडीत लाखो वर्षं पाणी मुरून शेकडो किलोमीटर लांबीचे बोगदे झाले. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली गेली होती, तेव्हा त्यांतल्या कितीतरी गुहा कोरड्या होत्या. आज तिथे पाण्याखाली छतातून लोंबणारे दगडाचे सुळे दिसतात ते त्या काळातले. तसे सुळे हवेतच, थेंबाथेंबाने बनतात, पाण्याखाली बनत नाहीत. म्हणून त्यांच्यावरून जुन्या समुद्राची पातळी शोधता येते. विज्ञानाच्या तासाला हे जरूर सांगा. विदर्भात चुनखडी आहे ती वणी, राजुरा, कोरपना बाजूला, आणि गडचांदूरकडचे सिमेंट कारखाने तिच्यावरच चालतात. पोरांना माहीत असलेली आपल्या बाजूची गुहा म्हणजे सालेकशाजवळचं कचारगड, माघ पौर्णिमेला जिथे मोठी यात्रा भरते. ती कोरडी आहे.

पण छताखालचं पाणी मात्र आपल्याकडे आहे, आणि ते गावाच्या अगदी जवळ आहे. नहराचा सायफन, म्हणजे नहराचं पाणी नाल्याखालून नेणारा बंद बोगदा, रस्त्याखालची पाइप-मोरी, बुडीत क्षेत्रात उभी राहिलेली झाडं, विहिरीच्या तळाशी मारलेले आडवे बोगदे. नहरात पोहणारं पोरगं सायफनच्या तोंडाजवळ गेलं की पाणी त्याला आत ओढतं, आणि तिथे फ्लोरिडाच्या गुहेसारखंच होतं: वर येता येत नाही. पोरांना सिनेमातल्या गुहेची भीती वाटत असेल तर ती भीती या जागांकडे वळवा.

आता थायलंडबद्दल, कारण या विषयावरची सगळ्यांत मोठी शाळा तीच. २३ जून २०१८ ला थाम लुआंग गुहेत बारा मुलं आणि त्यांचे फुटबॉलचे प्रशिक्षक अडकले. पावसाने मागची वाट बुडाली. रिक स्टँटन आणि जॉन व्होलांथन या दोन ब्रिटिश डायव्हरांना ते २ जुलैला सापडले, तोंडापासून सुमारे चार किलोमीटर आत. स्टँटन अग्निशमन दलातून निवृत्त झालेले, व्होलांथन संगणकाच्या कामातले. दोघंही गुहेत डायव्हिंग करत होते ते हौस म्हणून. थायलंडच्या नौदलाचे सील जवान तिथे होते, जिवाची बाजी लावत होते, पण त्यांचं शिक्षण मोकळ्या समुद्राचं. नौदलातून निवृत्त झालेले समन कुनान स्वयंसेवक म्हणून परत आले होते. आत हवेच्या टाक्या ठेवून परतताना ६ जुलैला त्यांचा मृत्यू झाला. मीही समुद्राचाच डायव्हर आहे. त्यांचं नाव मी प्रत्येक नव्या पथकाला सांगतो, आणि सांगतो की एका पाण्याचं शिक्षण दुसऱ्या पाण्यात जसंच्या तसं चालत नाही.

पंप करणाऱ्यांची गोष्टही पोरांना सांगा. गुहेतलं पाणी उपसण्यासाठी पंप लावले, त्या कामात आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तंत्रज्ञ सल्ला द्यायला गेले होते. डोंगरावरून गुहेत उतरणारं पाणी अडवून दुसरीकडे वळवलं. आणि गुहेतून उपसलेलं पाणी खालच्या धानाच्या शेतांत गेलं. जुलैचा महिना, भातशेतीचा प्रदेश. आपल्याकडे रोवणीच्या दिवसांत कोणी वावरात असं पाणी सोडलं तर काय होईल ते भंडारा-गोंदियाच्या पोरांना वेगळं समजवावं लागणार नाही. तिथल्या कितीतरी शेतकऱ्यांनी नुकसान भरपाईसुद्धा घ्यायला नकार दिला.

पुढचा भाग सगळ्यांत महत्त्वाचा. मुलं सापडण्याआधी त्याच गुहेत पंपाच्या कामावरचे चार मजूर मागे राहून गेल्याचं स्टँटन आणि व्होलांथन यांच्या लक्षात आलं. मोठी, कामाची सवय असलेली माणसं. त्यांना पाण्याखालून अगदी थोडं अंतर आणायचं होतं, तरी ती घाबरून झटापट करू लागली. मग बारा मुलांना तासन्‌तास पाण्याखालून कसं आणणार? रिचर्ड हॅरिस हे ऑस्ट्रेलियाचे भूलतज्ज्ञ, आणि स्वतः गुहा-डायव्हर. त्यांनी प्रत्येक मुलाला केटामाइन देऊन बेशुद्ध केलं, पूर्ण चेहऱ्याचा मास्क लावला, आणि शुद्धीवर येऊन मास्क ओढू नये म्हणून हात मागे बांधले. वाटेत गुंगी उतरू लागली की बरोबरचे डायव्हरच इंजेक्शन देत. ८ ते १० जुलै या तीन दिवसांत तेराही जण जिवंत बाहेर आले. भूल देऊन पाण्याखालून न्यायचं, हे आधी सुचवलं असतं तर कोणत्याही डॉक्टराने वेडेपणा म्हटलं असतं. घबराट किती मारक असते याचा याहून मोठा दाखला माझ्याजवळ नाही.

आता खोल पाण्याकडे. ‘फॉर्टी-सेव्हन मीटर्स डाउन’ नावाचा सिनेमा पोरांत बराच चालतो. दोन बहिणी शार्क बघण्याच्या पिंजऱ्यासकट ४७ मीटर खाली जातात. शार्क बाजूला ठेवा आणि फळ्यावर एक गणित मांडा. पाण्यात दर १० मीटरला एक वातावरणाएवढा दाब वाढतो. ४७ मीटरवर एकूण दाब वरच्या ५.७ पट. १२ लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने भरलेली हवा म्हणजे साधारण २४०० लिटर. शांत माणूस वर मिनिटाला २० लिटर हवा घेतो असं धरलं तर ती दोन तास पुरेल. तीच टाकी ४७ मीटरवर मिनिटाला ११४ लिटरने रिकामी होते, म्हणजे एकवीस मिनिटं. आणि घाबरून श्वास दुपटीने चालू लागला तर दहा. हे गणित आठवीच्या पोरांना जमतं आणि सिनेमापेक्षा जास्त हादरवतं. त्या सिनेमात आणखी एक गोष्ट येते: दुसरी टाकी वापरली तर नायट्रोजनचा भ्रम होईल असा इशारा दिला जातो. भ्रम खरा आहे. तीस मीटरच्या पुढे साध्या हवेतला नायट्रोजन मोहाची दारू चढावी तसा डोक्यात चढतो. माणूस कारण नसताना खूश होतो किंवा घाबरतो, साधी बेरीज चुकतो. पण तो येतो खोलीमुळे, टाकी बदलल्यामुळे नाही, आणि थोडं वर आलं की काही मिनिटांत उतरतो. वर मात्र सावकाशच यावं लागतं, मिनिटाला नऊ-दहा मीटरपेक्षा जास्त नाही, नाहीतर अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे सांध्यांत, मणक्यात, मेंदूत अडकतात.

खोल समुद्रातल्या कामाचा खरा सिनेमा बघायचा तर ‘लास्ट ब्रेथ’ हा २०१९ चा माहितीपट. सप्टेंबर २०१२, उत्तर समुद्र, सुमारे ९० मीटर खोल. क्रिस लेमन्स नावाचा डायव्हर तळाशी काम करत होता. अशा डायव्हरला वरून एक जाड नळ्यांचा जुडगा जोडलेला असतो. त्यातूनच श्वासाचा वायू, गरम पाणी, वीज, बोलणं, सगळं. जहाजाची जागेवर स्थिर राहण्याची यंत्रणा बिघडली, जहाज भरकटलं आणि तो जुडगा तुटला. पाठीवरच्या राखीव टाकीत पाचेक मिनिटांचा वायू. सहकारी त्याच्यापर्यंत पोहोचले तेव्हा अर्ध्या तासाहून जास्त वेळ गेला होता. त्याला पाण्याखालच्या घंटेत, म्हणजे डायव्हरांना खाली-वर नेणाऱ्या कोठीत, ओढून घेतलं, एका सहकाऱ्याने तोंडाने दोन श्वास दिले, आणि तो श्वास घेऊ लागला. थंडगार पाणी आणि दाबाखाली अंगात भरपूर मुरलेला ऑक्सिजन यांनी त्याला तारलं असं मानतात. हे दोन श्वास लक्षात ठेवा, पुढे खदानीजवळ लागणार आहेत. असे डायव्हर मुंबई हायलाही काम करतात. आठवडेच्या आठवडे जहाजावरच्या दाबाच्या खोलीत राहायचं, हीलियम मिसळलेला वायू घ्यायचा, त्यामुळे आवाज चिरका होतो. आणि काम संपल्यावर दाब उतरवायलाच काही दिवस.

पाणबुड्यांच्या सिनेमात काचेला तडा जातो, पाण्याची चिळकांडी उडते, नायक कपडा कोंबतो. हजारो मीटर खोलीवर असं होत नाही. १८ जून २०२३ ला ‘टायटन’ ही छोटी पाणबुडी ‘टायटॅनिक’च्या अवशेषांकडे जाताना फुटली, पाच माणसं गेली. अवशेष सुमारे ३८०० मीटरवर आहेत. तिथे दाब वरच्या पावणेचारशे पटींच्या वर. पाणबुडीचं कार्बन फायबरचं कवच सेकंदाच्या काही हजाराव्या भागात चिरडलं गेलं असणार. टीव्हीवर चार दिवस उरलेल्या ऑक्सिजनचे तास मोजत होते, तेव्हा ती माणसं केव्हाच गेली होती. आपल्या देशाची ‘मत्स्य ६०००’ चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेत तयार होत आहे, ६००० मीटरसाठी. तिचा माणसं बसण्याचा गोळा टायटॅनियमचा आहे, आणि गोळाच का, चौकोनी खोली का नाही, हा प्रश्न वर्गात टाकून बघा.

एका माहितीपटाबद्दल मला विशेष सांगायचं आहे, आणि हे पोरांसाठी कमी, गावकऱ्यांसाठी जास्त. दक्षिण आफ्रिकेत बुशमन्स होल नावाची पाण्याने भरलेली खोल गुहा आहे. डेऑन ड्रेयर नावाचा तरुण तिथे १९९४ मध्ये बुडाला, आणि जानेवारी २००५ मध्ये डेव्ह शॉ हा डायव्हर त्याचा देह आणायला २७० मीटरवर गेला. देह सोडवताना तो दोरीत गुंतला, धापा टाकू लागला, अंगात कार्बन डायऑक्साइड साचला आणि तिथेच बेशुद्ध होऊन गेला. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात त्याचा शेवटचा श्वासही नोंदला गेला. नंतर दोऱ्या वर ओढताना दोघांचेही देह वर आले. ‘डेव्ह नॉट कमिंग बॅक’ हा २०२० चा माहितीपट याच घटनेवर आहे. मुलांना दाखवू नका, पण सरपंच, पोलीस पाटील, तहसीलदार यांनी जरूर बघावा. आपल्याकडे रात्री दहाला कुणी बुडाल्याचं कळतं. काठावर आईचा आक्रोश चाललेला असतो आणि गर्दी आमच्या ढिवर पोरांना म्हणते, आत्ताच्या आत्ता उतरा. बुडून तासन्‌तास झालेल्या माणसासाठी अंधारात, झाडांत आणि जाळ्यांत जिवंत माणूस उतरवू नये. सकाळ होऊ द्या. दोरी, जोडीदार, काठावर दोरी धरणारा अनुभवी माणूस, हे सगळं असू द्या. आईला तसं सांगणं फार जड जातं. तरी सांगावं लागतं.

विहिरीचं तसंच आहे. उन्हाळ्यात गाळ काढायला किंवा मोटर बघायला एक जण उतरतो आणि खाली कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, मग शेजारी. कुजलेल्या पाल्याने आणि गाळाने तळाशी ऑक्सिजन संपलेला असतो, कार्बन डायऑक्साइड जड असल्याने तिथेच साचून राहतो. डिझेल इंजिन विहिरीत उतरवून चालवलं असेल तर कार्बन मोनॉक्साइडही. कंदील सोडून बघायची जुनी रीत ऑक्सिजन कमी असल्याचं सांगते, पण विषारी वायूचं सांगत नाही. पडलेल्यामागे उतरायचं नाही, १०१ ला फोन करायचा, आणि वरून हवा मारायची सोय होत असेल तर ती करायची.

आता खदान. मुरमाची, गिट्टीची, कुठे मँगनीजची. काम संपलं की पावसाने भरते आणि निळीशार दिसते. तलावाला उतरता काठ असतो, मालगुजारी तलावात पोरगं गुडघाभर पाण्यापासून सुरुवात करतं. खदानीला काठच नाही. पहिल्या पावलाला दहा-वीस फूट, आणि बाहेर पडायला सरळ कापलेला, शेवाळलेला दगड. वरचा हातभर थर उन्हाने कोमट, खाली गेलं की एकदम गारठा. त्या धक्क्याने माणूस आपोआप मोठा श्वास ओढतो, आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. तळाशी तुटलेली यंत्रं, तारा, झाडं. वरून उडी मारणाऱ्याला ती दिसत नाहीत.

आणि एक गोष्ट आजकाल सिनेमे बघूनच वाढली आहे: जास्त वेळ बुडी कोण मारतो याची शर्यत. एका श्वासात खोल जाणाऱ्या डायव्हरांवर सुंदर सिनेमे आहेत, पोरं ते बघतात, आणि बुडीआधी भराभर लांब श्वास घेतात. त्यांना वाटतं हवा जास्त भरली. खरं तर ऑक्सिजन फारसा वाढत नाही. अंगातला कार्बन डायऑक्साइड तेवढा कमी होतो. श्वास घ्यायची तळमळ होते ती कार्बन डायऑक्साइड वाढल्याने. तो आधीच कमी केला की तळमळ उशिरा होते, आणि ती होण्याआधीच ऑक्सिजन संपून पोरगं पाण्याखाली शांतपणे बेशुद्ध होतं. तडफड नाही, आवाज नाही. काठावरच्यांना वाटतं शर्यत जिंकतोय. चांगलं पोहणाऱ्या, दमदार पोरांनाच हे होतं. ताई, तुम्ही वर्गात एकच गोष्ट सांगणार असाल तर ही सांगा.

बुडणारा माणूस सिनेमात हात हलवून ओरडतो. खरा बुडणारा बहुधा ओरडू शकत नाही. तोंड पाण्याबाहेर येतं तेवढ्यात त्याला श्वास घ्यायचा असतो, आणि हात पाणी खाली दाबण्यात गुंतलेले असतात. मान मागे, तोंड अर्धवट पाण्यात, नजर शून्य. मिनिटाच्या आत खाली जातो. त्याच्यामागे उडी मारू नका. बांबू, दोरी, एकमेकींना बांधलेल्या ओढण्या, झाकण घट्ट लावलेली रिकामी पाण्याची कॅन, जे असेल ते फेका. पोळ्याला बैल धुवायला आणि विसर्जनाला तलावावर जाताना दोरी बांधलेली एक कॅन बरोबर ठेवायची सवय आमच्या पथकाने काही गावांत लावली आहे. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबत बसू नका, पाय धरून फिरवू नका, आणि मिठात ठेवल्याने माणूस उठतो असा जो संदेश मोबाइलवर फिरतो तो साफ खोटा आहे. १०८ ला फोन लावायला एकाला सांगा, आणि तुम्ही नाक दाबून तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मधोमध तीस दाब, दोन श्वास, पुन्हा तीस दाब. बुडालेल्याला आधी हवा हवी असते, म्हणून नुसत्या छातीच्या दाबावर थांबू नका. डोळे उघडले तरी दवाखान्यात न्या. छातीत गेलेलं पाणी काही तासांनीही त्रास देतं.

शाळेत दाखवायचा तर ‘द रेस्क्यू’ दाखवा, थाम लुआंगवरचा २०२१ चा माहितीपट. त्यात खरं चित्रण आहे, आणि जिथे नव्हतं तिथे खऱ्या डायव्हरांनीच टाकीत ते प्रसंग पुन्हा करून दाखवले आहेत. रॉन हॉवर्ड यांचा ‘थर्टीन लाइव्ह्ज’ हा २०२२ चा सिनेमाही चांगला आहे. नटांनी बरंचसं डायव्हिंग स्वतः केलं, आणि डोंगरावर पाणी वळवणाऱ्यांना, शेतकऱ्यांना त्यात पुरेशी जागा आहे. मोठ्या वर्गाला तो आवडेल. माहितीपट इंग्रजी आणि थाई बोलण्यात आहे, तेव्हा सलग लावू नका. चार मजुरांचा प्रसंग आला की थांबवा आणि विचारा, ही मोठी माणसं का घाबरली असतील. मुलांना भूल द्यायचं ठरतं तिथे पुन्हा थांबवा. समन कुनान यांचा भाग येईल तेव्हा आवाज कमी करू नका, पोरांना ऐकू द्या. बघून झालं की ४७ मीटरचं गणित फळ्यावर घ्या, आणि शनिवारची अर्धी शाळा असेल तेव्हा मला कळवा. दोरी, कॅन आणि श्वास द्यायचा पुतळा घेऊन येतो, पोरांकडून हातांनी करवून घेऊ.